चार बोटं कमी पडलेला पाइप

एवढी वर्षं झाली, पण राग येतो तो त्या रुमालाचाच. पांढरा, इस्त्रीची घडी घातलेला, कडेला निळी रेघ. सरांनी तो खिशातून काढला, गुडघ्यावर बसले, विमानाच्या डाव्या चाकावरच्या नटाला आलेला तेलाचा थेंब पुसला, आणि रुमालाची पुन्हा नीट घडी घालून खिशात ठेवला. मग मला म्हणाले, "बघ आता. आहे का काही?"

मी बघितलं. काही नव्हतं. दोन दिवसांनी त्याच विमानाच्या मागच्या सीटवर माझी बहीण बसणार होती.

हे लिहितोय तिथून लातूर फार लांब आहे. इथं वाळवंटाच्या कडेला एका वर्कशॉपमध्ये मी क्रेनचे ब्रेक बघतो. माझी शाळा नववीतच सुटली, म्हणून लिहायला बसलं की आजही धाकधूक होते. कुणीतरी मागून येऊन वही ओढेल असं वाटतं. पण हे माझंच मला लिहायचंय, कारण त्यात एक चूक माझी आहे आणि ती मी चारचौघांसमोर कधी सांगू शकलो नाही.

आमचं गाव निलंग्याच्या अलीकडचं. भूकंप झाला तेव्हा मी नववीत होतो आणि बहीण तीन वर्षांची. वडील त्यात गेले. आई, बहीण आणि मी पत्र्याच्या शेडमध्ये आलो आणि माझं दप्तर कुठल्या भिंतीखाली राहिलं ते मी शोधलंही नाही. मामानं मला नांदेडला नेऊन एका उस्तादांच्या हाताखाली ठेवलं. जीप आणि ट्रॅक्टरचे ब्रेक यात त्यांचा हात धरणारा त्या भागात कुणी नव्हता. त्यांची चौथी पिढी नांदेडात; आजोबा टांग्यांची चाकं बनवायचे म्हणे. बोलायचे आपल्या दख्खनीत, ऐकायचे मराठीत, आणि शिव्या दोन्हीत.

त्यांच्या गॅरेजचा एक दस्तूर होता. ज्यानं ब्रेक बांधला त्यानंच गाडीचा पहिला फेरा मारायचा. एकट्यानं. मालकाला बाकड्यावर बसवून चहा द्यायचा आणि बांधणाऱ्यानं गाडी घेऊन गोदावरीच्या घाटाकडच्या उतारावर जायचं. उताराच्या खाली थेट पाणी. माझ्या पहिल्या फेऱ्याला मी पांढराफटक पडलो होतो, तेव्हा उस्तादांनी खिडकीतून डोकं घालून फक्त एवढंच विचारलं होतं, "तैरना आता ना?" सगळं गॅरेज हसलं होतं. मी नाही हसलो. मी परत उतरून एकेक नट पुन्हा तपासला, आणि मला वाटतं त्यांना तेच हवं होतं.

दुसरी गोष्ट त्यांनी शिकवली ती पाइपाच्या मापाची. जीप जॅकवर घेतली की धुरा खाली लोंबतो. चाकाकडे जाणारा ब्रेकचा पाइप तेव्हा सगळ्यात जास्त ताणलेला असतो. म्हणून माप जॅकवरच घ्यायचं, थोडा झोल ठेवायचा, आणि तिथं तो पुरला की जमिनीवर पुरणारच. चौदा वर्षं मी हेच केलं. डोळे मिटूनही केलं असतं. पुढे झालं ते ह्यातूनच.

बहीण दहावीला बोर्डात चमकली. तेव्हा लातूर म्हणजे क्लासचं गाव झालं होतं. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पोरापोरींच्या खोल्या, मेसचे डबे, आणि भिंतीभर गुणवंतांचे फोटो. ज्या सरांच्या क्लासचं सगळे नाव घ्यायचे त्यांची बॅच कधीच भरलेली होती. योग असा की ते सर नांदेडला व्याख्यानाला आले, त्यांच्या जीपचा ब्रेक लोह्याजवळ गेला आणि गाडी ट्रॅक्टरला बांधून आमच्याकडे ओढत आणली. ब्रेक मी बांधला. सर बाकड्यावर न बसता माझ्या डोक्यावर उभे राहून बघत होते. काम झाल्यावर म्हणाले की ते स्वतःच्या हातानं विमान बनवतायत, दोन माणसांचं, नकाशे परदेशातून मागवलेत, आणि चाकांच्या कामाला त्यांना असाच हात हवाय. मी बहिणीचं सांगितलं. ते म्हणाले, "ती आजपासून माझी मुलगी. आमच्याच घरात राहील."

मी त्यांच्या पाया पडलो. खरंच पडलो, रस्त्यावर, तेलकट हातांनी. आणि ते शब्दाला जागले हेही लिहायलाच हवं. दीड वर्ष बहीण त्यांच्या वरच्या खोलीत राहिली, काकूंच्या, म्हणजे सरांच्या बायकोच्या, हातचं जेवली, आजारी पडली तेव्हा काकू तिच्या उशाशी बसल्या. म्हणूनच सगळं इतकं अवघड झालं. वाईट माणसावर रागावणं सोपं असतं.

विमान क्लासच्या मागच्या शेडमध्ये होतं; मी नांदेडहून तिथं कामाला यायचो. अंग ॲल्युमिनियमचं, इंजिन एका जुन्या मोटारीचं, आणि पाय म्हणजे दोन बाजूंना फाकलेल्या पोलादी कमानी, जीपच्या स्प्रिंगच्या पाट्यासारख्या, पण एकेकच. त्यांच्या टोकाला चाकं, चाकांना मोटारसायकलचे डिस्क ब्रेक. पुढचं छोटं चाक नुसतं मोकळं फिरायचं. वळायचं ते ब्रेकनंच: डावा पाय दाबला की डावीकडे, उजवा दाबला की उजवीकडे. म्हणजे एका बाजूचा ब्रेक गेला तर विमान थांबत नाही एवढ्यावर भागत नाही. थांबवायला गेलं की ते दुसऱ्या बाजूला फिरतं.

पोटातून निघून कमानीच्या टोकाला जाणारे दोन पाइप मी बसवले. विमान लाकडी घोड्यांवर, म्हणजे उंच तिवयांवर, टेकवलेलं होतं, चाकं अधांतरी. माप घेतलं, सवयीनं जेवढा झोल ठेवायचा तेवढा ठेवला, कापला, जोडला, तेलातली हवा काढली. सरांनी एका पोराला चाक फिरवायला लावलं, स्वतः पेडल दाबलं, चाक जागच्या जागी थांबलं. त्यांच्याकडे एक वही होती, उत्तरपत्रिका तपासावी तशी. तिच्यात त्यांनी बरोबरची खूण केली. ती खूण एकदा झाली की मग ब्रह्मदेव आला तरी पुसायची नाही.

उडवायची परवानगी आलेली नव्हती. जमिनीवर पळवायला कोण विचारतं, असं सर म्हणत. गुणवंतांच्या सत्काराला मुरुडच्या बाजूला एका पालकाच्या रानात मुरमाची सरळ पट्टी करून घेतली होती. विमान तिकडून पळत यायचं आणि स्टेजसमोर थांबायचं. पट्टीच्या उजव्या अंगाला पालकांच्या खुर्च्या. मागच्या सीटवर माझी बहीण, आणि स्टेजवर तिच्या फोटोचा केवढा तरी मोठा फलक: ढिगाऱ्यातून आभाळाकडे.

त्या फलकाचा मला आधी अभिमान वाटला होता, हे लाज वाटली तरी लिहितो. नंतर कळलं, सरांनी तिला भूकंपाच्या आठवणींचं भाषण लिहायला सांगितलं होतं. तिला काय आठवणार? तीन वर्षांची होती. तिला आठवतो तो शेडचा पत्रा, उन्हात तापलेला, त्यावर पाणी मारलं की चर्र करणारा. सर म्हणाले हे नको, जरा रडू येईल असं आठव.

सत्काराच्या दोन दिवस आधी, सकाळी, फोटो काढायला विमान जमिनीवर उतरवलं, सर पुढच्या सीटवर बसले आणि मागे त्यांनी क्लासच्या शिपाईमामांना बसवलं. शिपाईमामा अंगानं चांगले भरलेले. दोघांचं वजन पडलं तशी कमान फाकली. चाकं बाहेर सरकली. आणि मी बाजूला उभा होतो तिथून मला दिसलं, माझा पाइप कपडे वाळत घालायच्या दोरीसारखा ताठ झाला होता.

 जीप उचलली की पाइप ताणतो. हे उलटं होतं. हे विमान उचललं की पाय जवळ येतात आणि खाली ठेवलं की लांब जातात. अधांतरी जो झोल दिसला होता तो वजनाखाली संपून गेला होता. चौदा वर्षांची सवय मी दुसऱ्याच जनावराला लावली होती. चार बोटं. चार बोटं पाइप कमी पडत होता.

फोटोवाला गेल्यावर मी सरांना गाठलं. म्हणालो, "सर, माझी चूक झाली. पाइप कमी पडायलाय. नवा टाकतो, आजचा दिवस द्या."

त्यांनी आधी वही उघडली. खूण दाखवली. ब्रेक धरला होता की नाही, मी स्वतः दाबून बघितलाय, म्हणाले. मी कमानीचं सांगायला लागलो तर हसले. "कमान किती वाकते हे मी कागदावर काढलेलं आहे. तू मला भौतिकशास्त्र शिकवू नकोस, बाळा. तू पाने चालव."

बाळा म्हणाले. मी एकोणतीस वर्षांचा होतो.

मी म्हणालो कागद राहू द्या, डोळ्यानं बघा. मधल्या सुट्टीतली चार पोरं बोलावली, दोघांना आत बसवलं, दोघांना पंखांच्या मुळाशी दाबायला लावलं. मुरमाच्या पट्टीवर एखादा दणका बसला तर याहून जास्तच दाब येणार होता. पाइप ताठ झाला, नटाशी वाकला, आणि पुढे बसलेल्या पोराला पेडल दाबायला लावल्यावर नटाच्या खालून एक थेंब आला. लहानसा. पोरांनीही बघितला. एकजण म्हणाला, "सर, लीक हाय हे."

मग तो रुमाल निघाला.

पोरांना वर्गात पाठवल्यावर सर माझ्याशी हळू बोलले, आणि तेच जास्त झोंबलं. पाहुणे ठरलेत, म्हणाले. आज पाइप उघडला तर तेल सांडणार, रंग जाणार, पुन्हा हवा काढायची, आणि दोन जिल्ह्यांतले पालक येणार. त्यांच्यासमोर पेडल नीट नाही बसलं तर? शंभर-दोनशे फूट पळणार आहे ते, मी काय वेडा आहे का. शेवटी म्हणाले, "तुझ्या बहिणीची परीक्षा दोन महिन्यांवर आहे. तू तिच्याकडे बघ. विमानाकडे मी बघतो."

यात धमकी होती की नव्हती, हे मी आजवर ठरवू शकलेलो नाही. माझ्या कानाला ती धमकीच वाटली.

दुपारी मी बहिणीला क्लासच्या बाहेर गाठलं. सगळं सांगितलं. तिनं ऐकलं, मग म्हणाली की ती सरांना नाही म्हणू शकत नाही. मी म्हणालो जीव महत्त्वाचा आहे. तिचे डोळे भरले, पण आवाज कडक होता. "दादा, त्या घरात मी रोज जेवते. काकू माझी वेणी घालतात. तू बांधलेल्या ब्रेकवर मी बसणार म्हणून मला भीती वाटत नव्हती. आता तू म्हणतोस तो तूच चुकवलाय. मग मी काय करू ते तूच सांग."

 मी एसटी स्टँडजवळच्या बूथवरून उस्तादांना फोन लावला. बराच वेळ बोललो, कमान, झोल, थेंब, सत्कार, उपकार, सगळं.  मग त्यांनी विचारलं, "ब्रेक किने बांध्या?"

मी म्हणालो, मी.

"फिर पैला फेरा किसका?"

फोन ठेवला त्यांनी.

सत्काराच्या दिवशी सकाळीच मी रानात पोचलो. सरांना म्हणालो, मला एकट्याला एक फेरा मारू द्या, हा आमच्या गॅरेजचा दस्तूर आहे, थांबलं तर मी एक शब्द बोलणार नाही. ते कोटाची बटणं लावत होते. म्हणाले, विमानातून पहिला कोण उतरला हे उद्या पेपरात येणार आहे, आणि तो ग्रीस लागलेला माणूस नसेल.

खुर्च्या भरत आल्या. रेणापूरकडचे, औशाचे, नांदेडहून जीप करून आलेले पालक, फेटे, नव्या साड्या. बहीण स्टेजच्या बाजूला उभी होती, काकूंनी नेसवलेली साडी, हातात भाषणाचा कागद. माईकवर तिचं नाव पुकारलं. ती विमानाकडे चालायला लागली आणि तिनं एकदाच माझ्याकडे बघितलं.

मी खिशातला पाना काढला, विमानाखाली गेलो आणि डाव्या चाकाचा नट खोलला. मग उजव्याचा. तेल मुरमात सांडलं. पाइप ओढून काढला आणि हातात धरून उभा राहिलो. मला वाटलं होतं तेव्हा मी काहीतरी बोलेन. सांगेन की बाबांनो, हा मीच कापला, चार बोटं कमी कापला, म्हणून हे पळवू नका. तोंडातून एक अक्षर निघालं नाही. नववीत सुटलेली शाळा त्या दोनशे खुर्च्यांसमोर आडवी आली.

बोलले ते सर. माईकवर, शांतपणे. ज्याच्या बहिणीला मी घरात घेतलं त्यानं आज काय केलं ते तुम्ही बघताय, असं म्हणाले. पालकांमधून एक धोतरवाले उठले आणि म्हणाले, "सख्खा भाऊ हाय म्हणे. बहीण पुढं गेलेली बघवंना ह्याला, जळकुट्याला." लोक हसले. एका बाईंनी माझ्या बहिणीला जवळ घेतलं, तिचं सांत्वन करायला. माझ्यापासून वाचवायला.

थेंब बघितलेली चारही पोरं तिथंच होती. एकजण पुढच्या रांगेत होता. त्यानं मान खाली घातली. त्याला मी माफ केलंय, तो सतरा वर्षांचा होता. सरांना नाही.

संध्याकाळच्या आत बहिणीची पेटी खाली आली. काकूंनीच भरली होती, कपड्यांच्या घड्या करून, वर डब्यात लाडू. त्या दारापर्यंत आल्या. आम्ही नांदेडची बस धरली. अहमदपूर येईपर्यंत बहीण खिडकीबाहेर बघत होती. मग म्हणाली, "भाषण पाठ झालं होतं माझं." आणि रडायला लागली.

गावात आईकडे अभ्यास झाला नसता, म्हणून ते दोन महिने ती उस्तादांच्या घरी राहिली. गॅरेजच्या मागची खोली, ठोकाठोकीचा आवाज. अम्मी, म्हणजे उस्तादांच्या बायको, दाराशी पाट टाकून बसायच्या आणि कुणी जोरात हातोडा मारला की आतूनच ओरडायच्या, पोरगी पढ रही. तिचा डॉक्टरकीचा नंबर थोडक्यात गेला. आज ती नर्सिंगच्या मुलींना शिकवते आणि म्हणते बरं चाललंय. मी तिच्या तोंडाकडे बघून खरं-खोटं करत नाही.

तो काढलेला पाइप उस्तादांनी माझ्या हातातून घेतला होता. जमिनीवर सरळ ठेवला, मापला आणि मला विचारलं की चूक कुठं झाली. मी सांगितलं. "हौ," म्हणाले, आणि दुसऱ्या जीपच्या कामाला लागले. ह्या सगळ्यात मला मिळालेली शिक्षा आणि माफी ती एवढीच, आणि त्यासाठी मी त्या माणसाचा जन्मभर ऋणी आहे.

परीक्षा झाल्यावर एके दिवशी गॅरेजात भजी बांधून आलेल्या पेपरात विमानाचा फोटो दिसला. तीच मुरमाची पट्टी, तोच कोट. मी कागद उजेडाकडे धरला. डाव्या चाकाजवळ पाइप स्पष्ट दिसत होता. नवा होता. त्याला खाली चांगला पोटभर झोल होता, चार नव्हे, सहा बोटांचा.

म्हणजे सरांनी मापलं होतं. विमान घोड्यांवरून खाली ठेवून, माणसं बसवून, मी सांगितलं तस्संच मापलं होतं.

कागद उस्तादांकडे दिला. त्यांनी चष्मा लावून बघितला, पाइपावर बोट ठेवलं, मान हलवली. मग खालची ओळ मला वाचायला सांगितली, त्यांना मराठी वाचता यायचं नाही. मी वाचली. पहिल्याच फेरीत गुणवंत विद्यार्थिनीला सोबत घेऊन, असं लिहिलं होतं.

मागच्या सीटवर एक दुसरी पोरगी बसली होती. दोन वेण्या, गळ्यात हार. हसत होती.